तेवीस नंबरचा खांब

आमच्या तोंडवलीत बाबली मेस्त्रीकडून दाराची चौकट करून घ्यायची तर माणसापाशी सवड पाहिजे. मेस्त्री येणार, चष्मा चढवणार, भिंतीतलं भगदाड मोजणार. मग पट्टी उलटी धरून पुन्हा मोजणार. मग पुढच्या अंगणात, खळ्यात जाऊन नुसता बसणार, विडी नाही की पान नाही, आणि उठून तिसऱ्यांदा मोजणार. टेपचं दुसरं टोक धरायला कोणी पुढे झालं तर, "तू दूर ऱ्हव," एवढंच म्हणणार. शेजारचा बाळा एकदा वैतागून म्हणाला, "मेस्त्रीनू, दार बसयतास काय चेडवाचा लगीन जुळयतास?"

मेस्त्री हसला नाही. "लगीन चुकला तर मोडता येता," म्हणाला आणि मोजत राहिला.

त्याची चौकट मात्र कधी चुकली नाही. देवळाच्या पालखीचे दांडे त्याचे, भजनी मंडळाचं कपाट त्याचं, अर्ध्या वाडीच्या खिडक्या त्याच्या. दोन वाड्यांचं भांडण लागलं तरी मेस्त्रीचं माप दोघांना मान्य. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, अंगावर सदा एकच खाकी चड्डी आणि बनियन, पण त्याच्या शब्दापुढे कोणी पट्टी लावत नसे.

ह्या तीनदा मोजण्याच्या मागे काय आहे हे वाडीत कोणाला ठाऊक नव्हतं. मथुराला, म्हणजे त्याच्या बायकोलासुद्धा नाही. ते उघड झालं दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात. कोणी उकरून काढलं नाही, त्याने स्वतःच काढलं. थोडं मी डोळ्यांनी बघितलं, बाकीचं त्याच्या नातीकडून, संचिताकडून ऐकलं.

आमच्या किनाऱ्यावरची माणसं मुंबईला गेली ती बहुतेक गिरण्यांत. सुतारकाम येणारी मात्र रेल्वेच्या कारखान्यात लागली. बाबली एकोणिसाव्या वर्षी गेला तो पॅटर्न शॉपमध्ये. लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी तिचं लाकडी रूप करावं लागतं. त्याला फर्मा म्हणायचं. फर्मा वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा, आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. ते करणारं खातं म्हणजे पॅटर्न शॉप. खात्याचे मुख्य मिस्त्री होते हडी गावचे भाई. त्यांनी बाबलीला हात धरून शिकवलं.

बढाई मारणं मेस्त्रीच्या स्वभावात नाही. पण कारखान्याची इमारत निघाली की त्याची जीभ सुटे. राणीच्या काळातलं बांधकाम. काळ्या दगडाच्या दोन हात जाड भिंती, खिडक्यांना लाल विटांच्या कमानी. छप्पर करवतीच्या दातांसारखं, आणि प्रत्येक दाताची उत्तरेकडची बाजू काचेची, म्हणजे उजेड आत येई पण ऊन येत नसे. एका टोकाला घड्याळाची भिंत. आत दोन रांगांनी ओतीव लोखंडाचे चाळीस खांब, विलायतेत ओतून जहाजाने आणलेले, प्रत्येकावर ओतणाऱ्याचं नाव. खांब आतून पोकळ. छपरावरचं पावसाचं पाणी त्यांच्याच पोटातून जमिनीखाली जायचं.

"श्रावणात खांबाक कान लावा," मेस्त्री सांगायचा, "आत व्हाळ व्हावतासो वाटतलो. आणि वर, डोक्यार, पानां. एकेका खांबाच्या डोक्यार सोळा पानां. इंजनाच्या धुरात ती कोण बघणार होतो? पण काढल्यानी."

पन्नास वर्षांत त्याने आम्हाला हे शंभरदा सांगितलं असेल. एक खांब सोडून सगळं सांगितलं होतं.

संचिता त्याच्या मुलाची मुलगी. मुलगा ओरोसला सरकारी नोकरीत. पोरगी इमारतींचं शास्त्र शिकली आणि मुंबईत जुन्या वास्तू नीट करणाऱ्या लोकांकडे कामाला लागली. त्या मे महिन्यात ती चार दिवसांसाठी गावी आली ती लॅपटॉप घेऊनच. मी त्यांच्याकडे कलमी आंबे पोचवायला गेलो होतो. लोट्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, आजोबा-नात बसलेली. ती चित्रं दाखवत होती आणि म्हातारा बोट ठेवून सांगत होता, हा अमुक नंबर, इथे आमचा चहा व्हायचा, इथे भोंग्याची दोरी.

कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. आता ती इमारत दुरुस्त करून लोकांना बघायला ठेवायची असं ठरत होतं, आणि मोजणीचं काम नेमकं संचिताच्या लोकांकडे आलं होतं. म्हाताऱ्याच्या तोंडावर तेव्हा जे तेज होतं ते मी त्याच्या मुलाच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

मग एक नकाशा आला. त्यात घड्याळाच्या बाजूचे चार खण तांबड्या रंगात.

"ह्यां तांबडा कित्याक?" मेस्त्रीने विचारलं.

"तां पाडूचा आसा, आजोबा."

"पाडूचा?"

"थंयचो एक खांब खचलेलो आसा. तेवीस नंबर. एकाहत्तर सालच्या रजिस्टरात लिवलेला गावला. आणि वर चढान बघितला तर खरांच, खांबाच्या डोक्यात आणि गर्डरात पत्रे कोंबलेले. इंजिनियर म्हणतत, थंयची जमीनच भरवशाची नाय. चार खण आणि घड्याळाची भिंत उतरवची, बाकीचा राखूचा. पुढच्या म्हयन्याच्या पाच तारखेक बैठक आसा, तेच्यात शिक्कामोर्तब होतला. खचलोसा किती, तर साडेनऊ मिलि—"

"तीन सूत," मेस्त्री म्हणाला.

संचिताने वर बघितलं. "तुमका कसा म्हायत?"

म्हातारा उठला. पायरी उतरून खळं ओलांडून सरळ आपल्या सुतारकामाच्या मांडवात गेला आणि आमच्याकडे पाठ करून बसला. मथुराने दुपारी पेज वाढली, ती तशीच निवाली. संध्याकाळी बांगड्याचं तिखलं केलं, त्यालाही शिवला नाही. "तुमका झाला तरी काय?" तिने दोनदा विचारलं. तो लाकडाच्या फळीवर रंधा फिरवत होता. फळीत काही करायचं नव्हतं. सालं निघत होती आणि खाली पडत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात आला. धोतर नेसलेला, टोपी घातलेली. "माका हडीक न्ही," म्हणाला. मी गाडी काढली. खाडी ओलांडून पलीकडे गेलो.

हडीला भाईंचं घर. भाई जाऊन तीस वर्षं झाली. त्यांची बायको राधाबाई नव्वदीची, कंबरेत वाकलेली, पण कान आणि जीभ शाबूत. खळ्यात चटईवर रातांब्यांची सोलं वाळत घातली होती आणि ती काठीने ती परतत होती.

"कोण? बाबलो?" तिने डोळ्यांवर हात धरला. "मेल्या, अजून आसस? माका वाटला, माझ्या आदी गेलंस."

"आसंय काकी. एक सांगूचा आसा."

"बस मगे. उभ्यान सांगण्यासारख्या दिसणा नाय."

मी उठून जाऊ लागलो तर मेस्त्रीनेच हाताने खाली बसवलं. "तू पण आयक. आता लपवन काय करूचा?" आणि त्याने सांगायला सुरुवात केली. खाली मान घालून, सोलांकडे बघत, कुठेही न थांबता. त्याने सांगितलं ते असं.

एकाहत्तर साली क्रेनचा हूक आदळून तेवीस नंबरच्या खांबाचं डोकं तडकलं. डोकं म्हणजे खांबाच्या वर बोल्टांनी बसवलेला तीन फुटांचा वेगळा तुकडा, पानांच्या नक्षीचा. त्याच्यावर छपराचा गर्डर टेकतो. गर्डर जॅकवर तोलून धरला आणि नवं डोकं ओतायचं ठरलं. त्याचा फर्मा भाईंनी बाबलीकडे दिला. चोवीस वर्षांचा बाबली. स्वतःच्या हाताने करायचं त्याचं पहिलं मोठं काम.

आता ओतीव लोखंडाची एक खोड आहे. ते निवताना आवळतं. फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून फर्मा मुळातच तेवढा मोठा करावा लागतो. त्याचा हिशेब कारागिराने दर वेळी डोक्यात करायचा नसतो. त्याच्यासाठी पट्टीच वेगळी असते, जिचा प्रत्येक फूट एका सुताने लांब. तिला ते वाढीची पट्टी म्हणत. दिसायला दोन्ही सारख्या, पिवळ्या लाकडाच्या, टोकांना पितळ. फरक डोळ्याला कळत नाही. म्हणून भाईंचा दंडक होता: साधी पट्टी खात्याच्या दाराबाहेरच्या खिळ्याला. झालेली वस्तू मोजायला जाताना ती घ्यायची, परत येताना तिथेच टांगायची. कामाच्या टेबलावर तिने यायचं नाही.

बाबली शिडीवर चढला, साध्या पट्टीने तडकलेलं डोकं मोजलं. तिथपर्यंत बरोबर. जॅकवर छप्पर, खाली दोन इंजिनं अडकलेली, फोरमन दर तासाला येऊन विचारतोय. बाबली धावत खात्यात आला आणि कामाला भिडला. पट्टी त्याच्या चड्डीच्या मागच्या खिशातच राहिली होती. त्याच पट्टीने त्याने सगळा फर्मा केला. भाई त्या तीन दिवसांत दुसऱ्या कामावर होते. ओतायच्या दिवशी ते आले, फाउंड्रीच्या दारात नारळ ठेवून त्यांच्या रिवाजाप्रमाणे गाऱ्हाणं घातलं, काय चुकला-माकला आसात तर सांभाळून घे म्हाराजा, आणि लोखंड ओतलं.

डोकं सुरेख आलं. सोळा पानं, एकाची कड मोडली नाही. वर चढवलं, बोल्ट आवळले, जॅक खाली घेतले. गर्डर टेकलाच नाही. मध्ये फट.

"भाई शिडयेर होते," मेस्त्री म्हणाला. "फटीत नख घालून बघितल्यानी. मगे खाली माझ्याकडे बघितल्यानी. मी पाठ करून उभो होतंय. पट्टी खिशातसून भायर दिसत होती."

फोरमन खालून ओरडला, काय झालं. भाई वरून म्हणाले, "साहेब, क्रेनच्या दणक्याने खांब बसलाय. तीन सूत खाली गेलाय. पॅकिंग घालून घेतो." फोरमनला काम उरकायचं होतं. पत्र्याचे तुकडे कोंबले, वरून रंग मारला. रजिस्टरात 'खांब खचला' असं लिहिलं, खाली भाईंची सही. शिडीवरून उतरल्यावर भाईंनी बाबलीच्या खिशातून पट्टी काढून घेतली. "आता गप ऱ्हव," एवढंच बोलले. त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं दोघं एकमेकांशेजारी काम करत होते. तो विषय पुन्हा निघाला नाही.

राधाबाईची काठी मध्येच कधीतरी थांबली होती. तिने ती परत फिरवायला घेतली.

"म्हंजे चूक तुझी," ती म्हणाली.

"व्हय."

"आणि खोटा बोललो माझो घोव."

"माझ्यासाठी, काकी. माझी नोकरी कच्ची होती."

"तुझ्यासाठी? तू कोण मोठो लागान गेलंस! खात्याच्या नावासाठी बोललो. तेका खातां म्हंजे देवाचां." तिने एक सोल उलटं केलं. "आणि आता तुका काय व्हया?"

"तेवा लिवला, खांब खचलो. आता इंजिनियर तांच वाचून भिंत पाडतत. खांब खचूक नाय. डोक्या आखूड आसा. तां माका सोडून कोणाक म्हायत नाय. पण मी बोललंय तर भाईंचा नाव जाता. रजिस्टरात सही तेंची आसा."

राधाबाईने चटईचा कोपरा काठीने सरळ केला. लांब कुठेतरी मच्छीवाल्याचा भोंगा वाजला.

"नावाचा काय घेवन बसलंस," ती म्हणाली. "तेच्या नावान ह्या घरात काय ऱ्हवला? भिंतीवयलो फोटो. आणि ती."

तिने काठी घराच्या खिडकीकडे केली. खिडकीची फळी उघडी राहावी म्हणून खाली एक लाकडी आडणा लावला होता. पावसापाण्याने काळपट झालेला, दोन फुटांचा, टोकांना पितळ.

मेस्त्री उठून खिडकीपाशी गेला. हात लावला नाही. नुसता बघत राहिला.

"घराक हाडल्यान तेवा सांगल्यान, ही कामार नको, घरातच ऱ्हवांदे. कित्याक तां सांगूक नाय. मगे मी खिडकीक लावलंय. पन्नास वर्सां माझी खिडकी धरून आसा." राधाबाईने नाक पुसलं. सोलांच्या आंबट वासाने सगळ्यांचीच नाकं चुरचुरत होती. "जा, बोल. तो खोटा बोललो तां छप्पर उभा ऱ्हवूचा म्हणान. तेच्या खोट्यान भिंत पडतली तर तेका काय बरां वाटतला? पण एक सांग थंय. माणूस गप ऱ्हवलो, पण चोर नव्हतो."

"सांगतंय."

"आणि पट्टी न्हेतस काय?"

"न्हेव?"

"न्ही. पण मगे खिडकी कशान आडवू? माझ्या मुंडयेन?"

दुसऱ्या दिवशी मेस्त्रीने फणसाचा आडणा करून तिला नेऊन दिला. माझ्यादेखत खिडकीची फळी तीनदा मोजली. "एका आडण्याक तीनदा?" म्हातारी म्हणाली. आता ह्या माणसाला कोण काय सांगणार.

घरी त्याने मथुराला सांगितलं. ती म्हणे चुलीतलं लाकूड पुढे सारत म्हणाली, "म्हणान तुमी आमच्या लग्नाचो पाट पण तीनदा मोजलात." लग्न बहात्तरचं. तिने त्याच्या पिशवीत घावण्यांचा डबा, गोळ्या आणि स्वच्छ धोतर भरलं. एवढंच. ह्या घरात जास्त बोलायची रीत नाही.

संचितालाही त्याने सांगितलं, आणि तिने कुडाळहून गाडीची तिकिटं काढली. बैठक कारखान्यातच होती, म्हणजे मोठ्या लोकांना जागा बघता येईल. तिथलं सगळं तिच्याकडून ऐकलं ते सांगतो.

म्हातारा दारातून आत गेला आणि थांबला. यंत्रं गेलेली, जमिनीवर कबुतरांची घाण, वरच्या काचा निम्म्या फुटलेल्या. खांब मात्र सगळे जागेवर. तो रांगेतून चालत, कोणाला न विचारता, तेवीस नंबरपाशी जाऊन उभा राहिला. वर पानं होती. संचिताने त्याला हळूच सांगितलं की मोजणीच्या वेळी सगळ्यांनी ह्याच डोक्याचं कौतुक केलं होतं, चाळिसांत हीच पानं सर्वांत रेखीव म्हणून. "पानां बरी इली," तो म्हणाला. "माप चुकला."

आठ-दहा माणसं जमली होती. मोठे इंजिनियर सभ्य गृहस्थ होते. त्यांनी खुर्ची मागवली. "आजोबा, तुमची अख्खी नोकरी इथे झाली, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो," ते म्हणाले.

"साहेब," मेस्त्री कारखान्यात शिकलेल्या शुद्ध मराठीत म्हणाला, "मी भावना सांगायला आलो नाही. चूक सांगायला आलोय." खुर्चीत तो बसला नाही.

त्याने सांगितलं. आधी शुद्ध भाषेत, मग मध्येच कुठेतरी मालवणीत घसरला, आणि संचिता जिथे लागेल तिथे समजावत गेली. बोलून झाल्यावर एक तरुण इंजिनियर म्हणाला, "पण हे फक्त तुमच्या आठवणीवर कसं मानायचं? रजिस्टर तर वेगळं सांगतं."

"आठवण ऱ्हवांदे. नळी हाडा."

"कसली नळी?"

"पाण्याची. गवंडी वापरतत ती."

बाहेर दुरुस्तीचं काम चालू होतं, तिथून गवंड्याची पारदर्शक नळी आली. मेस्त्रीने शिडी लावायला सांगितली आणि बावीस, तेवीस, चोवीस ह्या तिन्ही खांबांवर एक जागा दाखवली. तिथला रंग खरवडला. कित्येक थरांखालून सांधा निघाला. खालचा खांब संपतो आणि वरचं डोकं बसतं ती रेघ. रंगाखाली गाडली गेल्यामुळे ती आजवर कोणाला दिसलीच नव्हती. नळीत पाणी भरलं. एक टोक बावीसच्या सांध्याला, एक तेवीसच्या. खांब खचला असेल तर तेवीसचा सांधा तीन सूत खाली दिसला पाहिजे.

पाणी हललं, डुचमळलं, थांबलं. दोन्हीकडे बरोबर रेघेवर.

चोवीसला लावून बघितलं. तिथेही रेघेवर.

मग मेस्त्रीने पिशवीतून पट्ट्या काढल्या. एक राधाबाईच्या खिडकीतली साधी, दुसरी त्याची स्वतःची वाढीची, जी त्याला निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या लोकांनी आठवण म्हणून दिली होती. दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. दोन फुटांना दोन सुतांचा फरक. तरुण इंजिनियर वर चढला, बावीसचं डोकं मोजलं. तीन फूट पूर्ण. तेवीसचं मोजलं आणि परत एकदा मोजलं.

"किती?" मोठ्यांनी विचारलं.

"तीन सूत कमी," तो वरून म्हणाला. "म्हणजे, साडेनऊ मिलिमीटर."

"फुटाला एक," मोठे इंजिनियर स्वतःशीच बोलले.

"आणि खांब खराच खचलो असतो," मेस्त्री म्हणाला, "तर तेच्या पायातलो पाण्याचो पायप फुटलो असतो. तीस पावसाळे मी ह्या खांबाच्या बुडाक उभो ऱ्हवान बघितलंय. एक दिस ओल येवक नाय." मग जरा थांबून शुद्ध भाषेत म्हणाला, "माझे गुरू, भाई, रजिस्टरात खोटं लिहून गेले ते माझ्यापायी. ते गप्प राहिले. चोर नव्हते. त्यांच्या बायकोने हे सांगायला सांगितलंय."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, गळ्यात पडलं नाही. मोठ्या इंजिनियरांनी एवढंच विचारलं, "आजोबा, इतकी वर्षं का नाही बोललात?"

"भिती," तो म्हणाला. "आदी नोकरीची. मगे नावाची."

त्या दिवशी निर्णय झाला नाही. शहाण्या माणसांनी म्हाताऱ्याच्या शब्दावर आणि नळीतल्या पाण्यावर भिंत ठेवायची नसते. त्यांनी खांबाच्या बुडाशी खणलं, पाया बघितला, पाईप बघितला. गणपतीच्या आधी संचिताचा फोन आला. पाया जागच्या जागी होता. चार खण राहणार, घड्याळाची भिंत राहणार. गंजलेले पत्रे काढून नवीन पॅकिंग घालणार. डोकं आखूडच ठेवणार.

नवा अहवाल तिने फोनवर वाचून दाखवला. मी तिथेच होतो. इंग्रजीतलं वाक्य तिने मालवणीत सांगितलं: तेवीस नंबरचो खांब खचूक नाय. एकाहत्तर साली बसयलेला डोक्या, फर्मो करणाऱ्याच्या चुकीन, तीन सूत आखूड आसा.

"करणाऱ्याच्या म्हंजे कोणाच्या?" मेस्त्रीने विचारलं.

"तसा नाव घालूची पद्धत नाय, आजोबा. आणि कित्याक घालूचा?"

"रजिस्टरात भाईंचा नाव आसा?"

"आसा. सही आसा."

"मगे झाला. तेंच्या नावार खोटा पन्नास वर्सां ऱ्हवला. माझ्या नावार खरा घाल. बाबली मेस्त्री, तोंडवली."

पलीकडे तिने ते नाव गावासकट एकदा म्हणून बघितलं. मग म्हणाली, "घालतंय."

ही गोष्ट वाडीत फिरायला वेळ लागला नाही. पहिले काही दिवस लोक त्याला बघून बोलायचं थांबत. कोणी म्हणालं, बघा, एवढा मेस्त्री आणि असा चुकला. एका घराने सांगितलेली चौकट मालवणच्या दुसऱ्या सुताराला दिली. मेस्त्रीने ते ऐकलं आणि रंधा पुन्हा हातात घेतला. त्याला ते ठाऊकच होतं, बोलायच्या आधीपासून.

साधी पट्टी मुंबईवाल्यांना काचेच्या पेटीत ठेवायला हवी होती. त्याने दिली नाही. वस्तू राधाबाईची. हडीला परत घेऊन गेला, तर म्हातारी म्हणाली, "आता माका आडणो आसा. ही घेवन मी काय करू? तूच ठेव." तेव्हापासून ती त्याच्या मांडवाच्या दारात, बाहेरच्या बाजूला, खिळ्याला टांगलेली असते. काम निघालं की तो ती घेतो. लाकडाच्या चौकटीला तीच पट्टी बरोबर आहे, तिथे काही आवळत नाही.

दिवाळीनंतर बाळाच्या मागच्या दाराची चौकट वाळवीने खाल्ली. तो आला, दारात घुटमळला, खिळ्यावरच्या पट्टीकडे बघत राहिला. "मेस्त्रीनू," म्हणाला, "येशात?"

मेस्त्री गेला. चष्मा चढवला, भगदाड मोजलं. पट्टी उलटी धरून पुन्हा मोजलं. खळ्यात जाऊन बसला. बाळा काही बोलला नाही. मग मेस्त्री उठला, खिशातून टेप काढला, आणि त्याचं एक टोक बाळाच्या हातात दिलं.

"धर नीट," म्हणाला. "आणि किती येता तां तू वाच."